दस्तात ज्याचं नाव नसतं

खरेदीखत हातात घेऊन सावकाश वाचलं, तर त्यात केवढी माणसं भेटतात. लिहून देणार, लिहून घेणार, संमती देणार. दोन साक्षीदार, शिवाय पक्षकारांना ओळखतो असं सांगणारे दोघे. सगळ्यांचे फोटो, अंगठे, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण. चतुःसीमेत चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं. दस्त लिहिणाऱ्या वकिलाचं नाव, दुय्यम निबंधकाची सही, शिक्का. फक्त ज्या माणसाने हा व्यवहार जमवला, पार्टी आणली, भाव ठरवला, टोकन घेतलं, जमीन ‘क्लिअर’ आहे असं सांगितलं आणि दोन्हीकडून टक्का-दोन टक्के घेतले, त्याचं नाव त्या पंधरा-वीस पानांत एजंट म्हणून कुठेही नसतं. असलंच तर साक्षीदाराच्या रकान्यात असतं, आणि तिथे तो फक्त सही पाहिलेला माणूस असतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत घर किंवा जागा घेताना फसलेल्या, अडकलेल्या माणसांशी बोलत राहिलं की सगळ्या तक्रारी या एकाच रिकाम्या जागेपाशी येतात. तक्रार कोणावर करायची? शेतकरी म्हणतो, मी सही दिली, मोजलेले पैसे घेतले. वकील म्हणतो, मला जी कागदं दाखवली त्यावरून मी दस्त केला. कार्यालय म्हणतं, आमचं काम नोंदणीचं. एजंटाचा फोन लागत नाही, आणि लागला तरी कागदावर तो कोणीच नसतो.

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की वाघोली, लोणीकंद मागे पडतात आणि कोरेगाव भीमापासून शिरूर तालुका सुरू होतो. सणसवाडी, शिकरापूर, मग रांजणगाव गणपती, कारेगाव आणि शेवटी घोड नदीच्या काठचं शिरूर. पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा. या सगळ्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक आहेत. ‘एनए प्लॉट’, ‘आर झोन’, ‘स्वतंत्र सातबारा’, ‘रिंगरोडपासून काही मिनिटांवर’, ‘हप्त्याने सोय’. अष्टविनायकातला महागणपती जिथे आहे त्याच रांजणगावात औद्योगिक वसाहत आली, व्हर्लपूल, एलजी यांसारखे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या मागे सुटे भाग करणारे शेकडो छोटे कारखाने. तिथे राबणारी माणसं बीड, लातूर, नांदेड, परभणी, बुलढाण्याकडची, शिवाय बिहार-उत्तर प्रदेशातली. सुरुवातीला कारेगावात किंवा सणसवाडीत चाळीतली एक खोली भाड्याने. मग लग्न, मुलं, शाळा. आठ-दहा वर्षांनी हातात काही लाख जमतात आणि ‘एक गुंठा घेऊन ठेवू’ हा विचार घरात पक्का होतो. एक गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. त्यात दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. एवढंच मागणं असतं.

आणि नेमका हाच एक गुंठा कायद्याने विकता येत नाही.

1947 चा तुकडेबंदीचा कायदा शेतीसाठी केलेला आहे. पिढ्यान्पिढ्या वाटण्या होऊन शेताचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की औतही वळणार नाही, हा त्यामागचा विचार रास्त होता. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं, त्यापेक्षा लहान तुकडा विकायला मनाई. पुणे जिल्ह्यात बागायतीला 11 गुंठे हा आकडा लोकांच्या तोंडात बसला होता. ऑगस्ट 2023 मध्ये शासनाने बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे केले. पण कारखान्यातल्या कामगाराला ना 11 परवडतात ना 10. त्याला एकच हवा असतो, आणि ज्याच्या नावे महाराष्ट्रात कुठेच शेती नाही त्याला तर कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन घेताच येत नाही.

इथे एजंटाचं खरं काम सुरू होतं. तो अकरा माणसं गोळा करतो. एक सणसवाडीचा, दोघे कारेगावचे, एक पुण्यात रिक्षा चालवणारा, एक निवृत्त पोलीस. एकमेकांना कधी न पाहिलेले अकरा जण दुय्यम निबंधकासमोर उभे राहतात आणि 11 गुंठ्यांचं एकच सामाईक खरेदीखत होतं. सूची दोनवर अकरा नावं येतात, फेरफार होतो, सातबाऱ्यावर अकरा नावं चढतात. प्रत्येक जण घरी जाऊन सातबारा दाखवतो, पेढे वाटतो. त्याच्या लेखी त्याला एक गुंठा मिळाला आहे. कायद्याच्या लेखी त्याला गटातल्या 11 गुंठ्यांत एक अविभक्त हिस्सा मिळाला आहे, आणि तो हिस्सा जमिनीवर नेमका कुठे आहे हे कोणत्याही सरकारी नकाशात नाही. ते फक्त एजंटाने छापलेल्या एका रंगीत कागदावर आहे. त्यावर 1 ते 11 आकडे, मधून वीस फुटी रस्ता आणि कोपऱ्यात एक छोटं मंदिर.

त्या कागदावरच्या रस्त्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या भागातली निम्मी भांडणं त्याच्यावरून होतात. अकरा जणांनी पैसे मोजले ते प्लॉटांचे. रस्ता कोणीच विकत घेतलेला नसतो. तो मूळ मालकाच्याच नावे राहतो. प्लॉट संपले, एजंट पुढच्या गटात गेला, चार वर्षं गेली, जमिनीचे भाव वाढले. मग मूळ मालकाचा मुलगा सातबारा काढतो, त्याला दिसतं की आपल्या नावे अजून पाच-सहा गुंठे आहेत. तो ते विकतो किंवा तारेचं कुंपण घालतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो खोटंही बोलत नाही, कागद त्याच्याकडे आहे. आतल्या चार घरांना मोटारसायकल बांधाबाहेर लावून चालत जावं लागतं. मग तहसीलदाराकडे रस्त्याचा अर्ज, ग्रामपंचायतीचा ठराव, दिवाणी दावा. जो रस्ता खरेदीच्या दिवशी दस्तात दोन ओळी वाढवून पक्का झाला असता, त्यासाठी वर्षं जातात.

12 जुलै 2021 रोजी नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून अशा तुकड्यांच्या दस्तनोंदणीला आडकाठी घातली. मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांची खरेदी नोंदवायची नाही, असा त्याचा अर्थ. 5 मे 2022 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक आणि त्यामागचा नोंदणी नियम रद्द केला, पण कार्यालयांतलं चित्र लगेच बदललं नाही. जे दार समोरून बंद होतं ते मागून उघडतं अशी बोलवा होतीच. शेजारच्या हवेली तालुक्यात तुकडेबंदी आणि रेरा हा गृहप्रकल्पांच्या नियमनाचा कायदा डावलून हजारो दस्त नोंदवल्याचं सरकारी चौकशीत निघालं, अधिकारी निलंबित झाले. त्या दस्तांतल्या माणसांचं काय झालं, हे मात्र निलंबनाच्या बातमीत नसतं.

नोंदणी होत नाही म्हणून व्यवहार थांबले नाहीत. ते नोटरीकडे गेले. शंभराचा, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा मुद्रांक, त्यावर ‘साठेखत व ताबा पावती’, सोबत कुलमुखत्यारपत्र, नोटरीचा लाल शिक्का. ‘नोटरी म्हणजे खरेदीच’, हे वाक्य मी या पट्ट्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की ते एजंटांनी ठरवून पसरवलं असावं असं वाटतं. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा म्हणतो, विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. 2001 च्या दुरुस्तीनंतर ताब्यासह केलेला करार नोंदवलेला नसेल तर ताब्याचं जे संरक्षण पूर्वी मिळायचं तेही मिळत नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी जात नाही. हे सगळं वकिलांना पाठ आहे. कारेगावात पाळी संपवून संध्याकाळी प्लॉट पाहायला गेलेल्या माणसाला ते कोण सांगणार? तो विचारतो कोणाला? तर ज्याला त्याच प्लॉटवर कमिशन मिळणार आहे त्याला.

यावर शहाणी माणसं म्हणतात, नीट चौकशी करून घ्यायची होती, सरकारी कार्यालयात विचारायचं होतं. हे बोलणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे नोंदणी कार्यालय दस्त नोंदवतं, मालकी तपासत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याची रचनाच तशी आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या के. गोपी प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं की विकणाऱ्याला मालकी आहे की नाही हे पाहणं नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद, त्याने मालकीचं अनुमान निघतं, हमी मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या दक्षिणेकडच्या वसाहतीत रॉबर्ट टॉरेन्स याने 1858 मध्ये अशी पद्धत आणली की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि चूक झाली तर भरपाई सरकारने द्यायची. आपल्याकडे तशी हमी कोणीच देत नाही. आपण मुद्रांक शुल्क भरतो, एक टक्का किंवा जास्तीत जास्त तीस हजार नोंदणी फी भरतो, आणि एवढे पैसे घेऊन सरकार फक्त एवढंच सांगतं की अमुक दिवशी अमुक माणसाने अमुक कागदावर सही केली. जमीन खरी कोणाची, हा प्रश्न घेणाऱ्याच्या डोक्यावर. त्या प्रश्नाचं उत्तर ‘मी बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं म्हणत जो देतो तो एजंट. सरकारने सोडलेल्या जागेत तो उभा आहे.

आणि त्याच्याकडे माहिती असते, हे नाकारता येत नाही. कोणत्या घरात भाऊबंदकी आहे, कोणाची मोजणी झाली, कोणत्या विहिरीत कोणाची पाळी, कोणत्या वाड्यात दोन चुली झाल्या, हे गावातला जुना एजंट जितकं जाणतो तितकं पुण्यातला वकील सर्च रिपोर्टात लिहू शकत नाही. नीट काम करणारे, खोट असलेली जमीन दाखवायलाच नकार देणारे एजंट या तालुक्यात आहेत आणि त्यांचीही कैफियत आहे. वर्षभर फिरायचं, पन्नास जागा दाखवायच्या आणि घेणारा-देणारा परस्पर भेटून कमिशन बुडवणार. त्यांच्या कामाचाही कागद नसतो. नाव दस्तात नसल्याचा तोटा प्रामाणिक माणसालाच अधिक होतो, लबाडाला ते सोयीचं असतं.

सातबारा आता पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, मोबाइलवर. पण मिळणं आणि वाचता येणं यांत अंतर आहे. घेणारा वरचं नाव आणि क्षेत्र पाहतो. खरा मजकूर ‘इतर हक्क’ या रकान्यात असतो. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा. शिरूर आणि दौंडमध्ये आणखी एक शेरा आढळतो, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा. चासकमान, डिंभे या धरणांचे कालवे इकडे आले, जमीन भिजली, आणि धरणाखाली गेलेल्या गावांतल्या माणसांना याच लाभक्षेत्रात जमिनी देण्यात आल्या. म्हणून कित्येक गटांवर हस्तांतरणाची बंधनं आली. वाटप झालेल्या जमिनी भोगवटादार वर्ग दोनच्या, त्या विकायला परवानगी लागते. वतनाच्या, इनामाच्या जमिनींचे नियम आणखी निराळे. परवानगीशिवाय झालेली खरेदी पुढे शर्तभंग ठरते आणि जमीन सरकारजमा होण्यापर्यंत प्रकरण जातं. एजंट म्हणतो, ‘वर्ग एक करून देतो, प्रोसेसमध्ये आहे.’ प्रोसेसमध्ये म्हणजे कोणाच्या टेबलावर, कोणत्या क्रमांकाने, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

त्याहून अवघड कोडं वारसांचं. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले, तेव्हाच्या चुका अजून दुरुस्त होत आहेत. त्यावर दोन-तीन पिढ्यांच्या वारसनोंदी. आजोबा गेल्यावर फेरफाराला फक्त मुलांची नावं लागली, मुलींची लागलीच नाहीत. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंकाही मिटवली. तरी गावात व्यवहार ठरताना बहिणींचा विषय निघाला की एजंट हात झटकतो, ‘बहिणींचं ते भाऊ बघून घेतील.’ वकील जाहीर नोटीस देतो, पुण्यातल्या एखाद्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत, हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवा. करमाळ्याला किंवा जामखेडला नांदणाऱ्या बहिणीपर्यंत ती पोचत नाही. तिला कळतं ते दिवाळीला माहेरी आल्यावर, शेतात उभी राहिलेली घरं पाहून. मग वाटपाचा दावा होतो आणि त्यात ज्यांनी आयुष्याची बचत घातली ते अकराच्या अकरा जण प्रतिवादी होतात. मला बहिणीचा दावा चुकीचा वाटत नाही. तिचा हक्क तिला विचारल्याशिवाय विकला गेला. पण गुंठा घेणाऱ्यानेही कोणाचा हक्क मारायचा म्हणून पैसे दिले नव्हते. या दोघांना एकमेकांसमोर कोर्टात उभं करून मधला माणूस कमिशनसह निघून जातो.

कागद वाचता न येणाऱ्या माणसाकडून त्याच्या जमिनीवर सही घ्यायची, ही या मातीला नवी गोष्ट नाही. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात डिसेंबर 1874 मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला, त्यांचं राहतं घर घेतलं आणि ते पाडायला सुरुवात केली. डोळ्यांदेखत वाडा उतरवला जाताना पाहून गाव पेटलं नाही, त्याने बहिष्कार घातला. सावकाराचं कोणी काम करायचं नाही, त्याच्याशी व्यवहार ठेवायचा नाही. बहिष्काराची ही लाट आसपासच्या गावांत गेली आणि 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात दंगा झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावात लोकांनी मुख्यतः खतं आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. सावकारांच्या जिवावर उठण्यापेक्षा त्यांच्या कागदांवर रोख होता, हे उठावानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाच्याही नजरेत आलं.

त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातल्या कर्जवसुलीवरच्या बंधनांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. माझ्या मते आज आठवावी अशी त्यातली गोष्ट म्हणजे गाव निबंधक. शेतकऱ्याचा दस्त या गाव निबंधकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहायचा. तो पक्षकारांना मोठ्याने वाचून दाखवायचा. मोबदला पूर्ण लिहायचा, आणि तो आपल्यासमोर दिला गेला की नाही याची नोंद त्या कागदावरच करायची. पुणे, अहमदनगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी केलेली ही तरतूद होती. ती कितपत नीट चालली याबद्दल वाद होऊ शकतो. पण दस्त म्हणजे न वाचणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गोष्ट आहे, एवढं त्या परक्या सरकारला दंगलीनंतर का होईना उमगलं होतं. आज संगणकावर नोंदणी होते, अंगठा यंत्रावर टेकतो, कॅमेऱ्यात पाहायचं, पुढचा नंबर. काय लिहिलं आहे हे कोणीही वाचून दाखवत नाही. तेवढा वेळ त्या टेबलावर नसतो.

विकणाऱ्याचं दुःख कमी ऐकू येतं, कारण जमीन विकणाऱ्याला पैसेवाला समजण्याची आपली सवय. न्हावरे, मांडवगण, पाबळकडचा शेतकरी मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी अर्धा एकर काढतो. एजंट त्याच्याशी एक भाव ठरवतो, लाख-दोन लाखांचा विसार देतो आणि सहा महिने-वर्षाची मुदत लिहून घेतो, सोबत मुखत्यारपत्र. त्या मुदतीत तो त्याच जमिनीचे तुकडे दुप्पट-तिप्पट भावाने विकतो. शेतकऱ्याला कार्यालयात बोलावून घेणाऱ्यांच्या नावे थेट सही घेतली जाते. मधला फरक एजंटाचा, कोणत्याच कागदावर न आलेला. प्लॉट नाही विकले गेले, तर मुदत उलटूनही जमीन अडकते. विसार परत घ्यायला एजंट तयार नसतो आणि उलट कराराची पूर्तता करा म्हणून दाव्याची धमकी देतो. इंग्लंडमध्ये 1979 च्या कायद्यानुसार ज्या मालमत्तेत एजंटाचा स्वतःचा हितसंबंध आहे ते त्याला वाटाघाटीआधी उघड सांगावं लागतं. आपल्याकडे त्याच जमिनीत स्वतःचा नफा लपवून तो दोन्ही बाजूंचा हितचिंतक म्हणून वावरतो.

रोखीच्या पैशाने हे सारं झाकलं जातं. सरकारी दर तक्त्याप्रमाणे जी किंमत तेवढी चेकने, उरलेली हातात. जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणं आयकर कायद्याने दंडनीय आहे. पण गावाबाहेरच्या हॉटेलात पिशव्यांचा व्यवहार चालू असतो. व्यवहार फिसकटला की चेकचे पैसे परत मागता येतात, पिशवीतले कोणाकडे मागायचे? पोलीस ठाण्यात गेलं की उत्तर मिळतं, हे दिवाणी प्रकरण आहे.

रेरा आला तेव्हा वाटलं होतं, यात सुधारणा होईल. 1 मे 2017 पासून महारेरा काम करू लागलं. नोंदणीशिवाय प्रकल्पाची विक्री नाही, नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक पैसे घ्यायचे नाहीत, एजंटानेही नोंदणी करायची. 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. ही चांगली पावलं आहेत, शिकरापुरातल्या किंवा शिरूर शहरातल्या नव्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याला त्यांचा आधार आहे. पण एजंटाला नोंदणीची सक्ती आहे ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीसाठी. शेतातला गुंठा, गावठाणातलं जुनं घर, दौंडमध्ये रेल्वेतून निवृत्त होऊन मुलाकडे निघालेल्या माणसाचा जुना फ्लॅट, हे सगळं त्याबाहेर राहतं. दौंडसारख्या जंक्शनच्या गावात देशभरातून बदलून आलेली माणसं राहिली, घरं घेतली, आता विकताहेत. विकायला गेल्यावर कळतं की बिल्डरने सोसायटीला जमीन लिहूनच दिली नाही, खाली अजून मूळ मालकाचं नाव आहे. मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद 2008 पासून आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण आठ-दहा घरांच्या इमारतीत सोसायटीच स्थापन झालेली नसते, मग अर्ज कोण करणार?

माझी मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक खरेदीखतात आणि साठेखतात मध्यस्थाचं नाव, पॅन, दोन्ही बाजूंकडून घेतलेलं कमिशन आणि त्या मिळकतीत त्याचा स्वतःचा हितसंबंध आहे की नाही, याचा एक रकाना असावा. मध्यस्थ नसेल तर ‘नाही’ असं दोन्ही पक्षकारांनी लिहावं. नोंदणीची संगणक प्रणाली शासनाच्या हातात आहे, आधार आणि पॅन आजही त्यात भरले जातात. त्यात आणखी चार ओळी वाढवणं अवघड नाही. त्याने मालकीची हमी मिळणार नाही, पण निदान दाव्यात, फिर्यादीत, ग्राहक आयोगात कोणाला बोलवायचं हे तरी ठरेल. ज्याने वर्षात दोनशे दस्त जमवले त्याच्या किती दस्तांवर हरकती आल्या हे सूचीवरून कोणालाही काढता येईल. प्रामाणिक एजंटाला आपल्या कामाचा पुरावा मिळेल, कमिशनही मागता येईल.

मधल्या काळात शासनाने गुंठ्याच्या प्रश्नावर माघार घेतली. आधी 2017 च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के भरून जुने तुकडे नियमित करण्याची सोय दिली, ती रक्कमच इतकी की फारसं कोणी पुढे आलं नाही. 2024 मध्ये ती पाच टक्क्यांवर आणली. नोव्हेंबर 2025 मध्ये अध्यादेश निघाला, की शहरी आणि प्राधिकरणांच्या क्षेत्रांत, गावठाणालगत, विकासासाठी ठेवलेल्या भागांत 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात पडलेले तुकडे शुल्काशिवाय नियमित होतील. शिरूर तालुक्याचा पश्चिम भाग आणि दौंडमधली बरीच गावं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतात, त्यामुळे इथल्या हजारो कुटुंबांना याचा उपयोग होईल. ज्यांचे दस्त नोंदलेले होते पण फेरफार नामंजूर झाला होता, ज्यांची नावं इतर हक्कात पडून होती, त्यांना मालक म्हणून नाव लावता येईल. ही चांगली गोष्ट आहे, आणि ती व्हायला इतकी वर्षं लागायला नको होती.

नोटरीवाल्यांचं मात्र तसं नाही. त्यांना आधी दस्त नोंदवावा लागेल, मुद्रांक शुल्क भरावं लागेल आणि त्यासाठी लिहून देणाऱ्याला पुन्हा कार्यालयात आणावं लागेल. ज्याने दहा वर्षांपूर्वी नोटरीवर अंगठा दिला तो शेतकरी आता नसेल, तर त्याची मुलं, मुली, सुना, नातवंडं. त्यांना ठाऊक आहे की त्या गुंठ्याचा भाव तेव्हापेक्षा कितीतरी पट झाला आहे, आणि हेही ठाऊक आहे की त्यांच्या सहीशिवाय समोरच्याचं घर कागदावर उभं राहत नाही. एजंट तेव्हाही कागदावर नव्हता, त्यामुळे आताही त्याला कोणी बोलावू शकत नाही. या सह्यांसाठी आज वारस काय मागतील आणि कामगार ते कुठून आणेल, याबद्दल अध्यादेशात एक शब्द नाही.